खिशावरची काळी फीत

१

शनिवारी सकाळी तिया उंबेलिनाने कॅसेट लावली आणि तिच्यातून काहीच आलं नाही.

गाणं नाही, गिटार नाही, गाण्याआधीचं तिउ आबिलिओचं ते घसा खाकरणंही नाही. नुसती फीत फिरत राहिली. तियाने कॅसेट बाहेर काढली, उलटीसुलटी करून पाहिली आणि माझ्या चहाशेजारी ठेवली.

"झेलिया, ही माझी नाही."

"अगं, डबी तर तीच आहे. 'नाताळ ९८' लिहिलंय की."

"डबी माझी. आतली नाही. माझ्या कॅसेटचा एक स्क्रू गंजलाय. रोज बोट फिरवते मी त्याच्यावर."

मी चष्मा लावून पाहिलं. पाचही स्क्रू नव्यासारखे होते.

तिया म्हणजे मावशी; ही माझ्या आईची थोरली बहीण. तिउ म्हणजे काका; तिउ आबिलिओ तिचे यजमान. मी त्यांना पाहिलेलं नाही. माझ्या जन्माआधीच ते गेले. वाइमोरीच्या जिल्हा कचेरीत ते बिनतारी यंत्रावर बसायचे. नव्व्याण्णवच्या सप्टेंबरमध्ये स्वातंत्र्याच्या मतदानाचा निकाल लागला आणि दुसऱ्याच दिवशी, पाच तारखेला, त्यांना आणि आणखी सहा जणांना सरकारी ट्रकमध्ये घालून नेलं. परत कोणीच आलं नाही. नेण्याआधी त्यांनी ही कॅसेट तियाच्या हातात दिली होती. एका बाजूला नाताळात गायलेलं गाणं. दुसऱ्या बाजूला चाळीस सेकंदांचा खरखरता संवाद, आदल्या रात्री यंत्राशेजारी रेकॉर्डर चालू ठेवून टिपलेला. उपजिल्हाधिकारी तेओतोनियो लेमोस त्याच खोलीत उभा राहून यंत्रावर सात नावं वाचतो आणि ट्रक किती वाजता काढायचा ते सांगतो.

हा लेमोस आता एकाहत्तर वर्षांचा आहे. जूनमध्ये मेलबर्नजवळच्या त्याच्या घरातून त्याला पोलिसांनी उचललं. ऑर्किडना पाणी घालत होता म्हणे. गुन्हा दुसऱ्या देशात घडलेला असला तरी युद्धगुन्ह्याचा खटला इथे चालतो. त्याचे वकील सांगतात, त्या आठवड्यात साहेब वाइमोरीत नव्हतेच, सीमेपलीकडे कुपांगला होते. ते खोटं पाडायला एवढी एक कॅसेट होती, आणि ती न्यायला तपास अधिकारी सोमवारी कॅनबेराहून डार्विनला आमच्याकडे येणार होती.

तियाला लेमोसच्या शिक्षेचं फारसं काही नव्हतं. तिला दोनच प्रश्नांची उत्तरं हवी होती, कधी आणि कुठे. आमच्यात माणूस गेला की जवळचे वर्षभर काळं धरतात, बायका काळे कपडे घालून, पुरुष खिशावर काळी फीत लावून, आणि वर्ष भरतं त्याच तारखेला जेवण, गिटार, नाच करून ते सोडतात. तियाकडे तारीखच नव्हती. त्यामुळे मी जन्मल्यापासून तिला काळ्याशिवाय दुसऱ्या रंगात पाहिलेलं नाही.

"त्याला कोर्टात विचारतील ना," ती अटकेच्या दिवशी म्हणाली होती. "मग मी हे काढीन."

आता ती त्या परक्या कॅसेटकडे बघत म्हणाली, "काल रात्री आठ वाजता मी स्वतः वाजवली होती. नंतर घरात कोण कोण होतं, सांग."

२

शुक्रवारी पाच तारीख होती. दर पाच सप्टेंबरला तियाकडे प्रार्थना असते. यंदा चाळीसेक माणसं आली. प्रार्थना झाली, तियाने कॅसेटची गाण्याची बाजू लावली आणि नेहमीप्रमाणे सगळे गप्प झाले. त्या गाण्यात मागे कुठेतरी कोंबडा आरवतो आणि कोणीतरी हसतं. तिथे आलं की म्हातारी माणसं एकमेकांकडे बघतात. ते हसणं कोणाचं यावर दर वर्षी वाद होतो. आमच्या पिढीने वाइमोरी पाहिलं नाही, पण तो कोंबडा आम्हाला पाठ आहे.

गाणं संपल्यावर तियाने कॅसेट डबीत घालून देवाच्या फळीवर ठेवली. पाहुणे गेले. भांडी आवरायला तिघे थांबले.

फाउश्तो कोर्टात दुभाषा आहे, तिशीतला. म्हाताऱ्यांच्या आठवणी रेकॉर्ड करत हिंडतो. कॅसेटची नक्कल करू दे म्हणून तो दोन वर्षं तियाच्या मागे होता आणि तिया दर वेळी नाही म्हणत होती.

दोना एर्मेलिंदा रविवारच्या बाजारात भाजलेले मासे विकते. तिची भाची लेमोसच्या पुतण्याला दिली आहे.

आणि तिउ बाल्ताझार. तिउ आबिलिओचे जिवलग मित्र, वाइमोरीच्या कचेरीतले ड्रायव्हर. कॅसेटमधली गिटार त्यांचीच. इथे येऊन त्यांनी हॉस्पिटलात स्ट्रेचर ढकलले, आता निवृत्त आहेत. चर्चच्या कागदांत ते माझे धर्मपिता आहेत आणि प्रत्यक्षात मी त्यांची 'मॅडम केमिस्ट्री'.

भांडी पुसताना फाउश्तो रंगात आला होता. "आता खरखरीची चिंता नाही, तिया. त्यांच्याकडे अशी यंत्रं आहेत की मागे कोणी शिंकलं तरी कळेल कोण शिंकलं ते. लेमोसचं जाऊ दे, त्या खोलीत आणखी कोण होतं तेही निघेल."

"एकाहत्तर वर्षांच्या माणसाला आता कोर्टात उभं करायचं," एर्मेलिंदा कढई घासत म्हणाली. "काय मिळणार?"

"माझा नवरा असता तर चौऱ्याहत्तरचा असता," तिया म्हणाली.

कढई घासण्याचा आवाज थांबला. तिउ बाल्ताझारनी विषय बदलला. "मासे कमी पडले यंदा, उंबेलिना. दर वर्षी कमी पडतात." मग ते गिटार घेऊन निघाले. दारातल्या दिव्यात गिटारीची मान नेहमीसारखी चकाकली.

तिघेही फळीजवळून जाऊ-येऊ शकत होते.

३

मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. नमुना हातात आला की आधी त्याला काही विचारायचं नसतं, नुसतं बघायचं. मी त्या परक्या कॅसेटकडे तासभर बघितलं.

चिठ्ठी कोरी. फीत पूर्ण मागे गुंडाळलेली. पाठीवर मात्र अंगठ्याएवढा पिवळसर डाग होता. पुसला, निघेना. साबणाने निघेना. नखाने खरवडला तेव्हा जुन्या रोगणासारखी पापडी सुटली. पापडी जरा गरम केली तर खवट, दाणेरी वास आला. जंगली अक्रोडाच्या तेलाचा. आमच्याकडे कुठल्याही स्वयंपाकघरात येतो तो.

स्वयंपाकघर म्हटलं की मला एर्मेलिंदा आठवली. पण आधी फाउश्तोला फोन केला आणि तो वीस मिनिटांत दारात हजर झाला.

"मी चोरली? मी?"

"तुला नक्कल हवी होती."

"नक्कल हवी होती, अस्सल नको! सोमवारी पोलिसांसमोर दुभाषा म्हणून मीच बसणार आहे. चोरीचा माल खिशात घेऊन बसू? आणि वाजवू कशावर? कॅसेट वाजवायचं यंत्र शेवटचं कोणाकडे बघितलंस तू?"

"तियाकडे."

"आणि तिउ बाल्ताझारकडे. बाकी सगळ्यांनी फेकली. मी दोन वर्षं शोधतोय." तो खुर्चीत बसला आणि एकदम लहान दिसायला लागला. "झेलिया, ती कॅसेट मिळाली नाही तर काय होईल माहीत आहे? तियाचं म्हणणं आणि लेमोसचं म्हणणं, एवढंच उरेल. त्याच्याकडे चार वकील आहेत."

४

रविवारी बाजारात एर्मेलिंदा माशांवर केळीचं पान दाबत होती. मला बघून म्हणाली, "आलीस? फाउश्तो सगळ्या बाजाराला सांगून गेलाय. झडती घे माझी. आधी मासा खा, मग घे."

मी मासा घेतला. तिच्या वाटणातही जंगली अक्रोड होता. "दोना, हे अक्रोड तुम्ही कसे वापरता?"

"भाजून, वाटून. नारळाच्या तेलात."

"कच्चं तेल?"

"कच्चं खाल्लं तर दिवसभर संडासात बसशील. कच्चं तेल लाकडाला लावतात." ती हसली. "हे शिकवायला मला विद्यापीठात बोलवा."

मी मासा अर्धाच ठेवला. तिच्या हाताला नारळाचं तेल लागलेलं असतं आणि नारळाचं तेल कधी सुकून घट्ट होत नाही. वर्ष झालं तरी चिकटच राहतं. जंगली अक्रोडाचं शुद्ध तेल मात्र जवसाच्या तेलासारखं हवेत सुकून कडक होतं. म्हणूनच ते लाकडाला चालतं. डाग जुना होता. ज्या घरातली ती कोरी कॅसेट होती, त्या घरात कोणीतरी वर्षानुवर्षं लाकूड चमकवत होतं.

मला एकच चकाकणारं लाकूड माहीत होतं.

"दोना," मी विचारलं, "तिउ बाल्ताझार इथे आले तेव्हा कसे होते?"

"वाळून काटकी. दोन हजार सालचा फेब्रुवारी असेल. खिशावर काळी फीत, आईची म्हणाले. बिचारी कुपांगच्या छावणीत गेली, तीन राजांच्या सणाला, सहा जानेवारीला. मीच तिचे डोळे मिटले." एर्मेलिंदाने मासा उलटला. "लेमोस माझा सोयरा आहे, खरं. पण त्या छावणीत आम्हाला कोणी नेऊन घातलं ते मला माहीत आहे. परवा मी जे बोलले ते भाचीसाठी बोलले. तिला तीन मुलं आहेत. कॅसेट मी घेतली नाही, पोरी."

५

दुपारी तिया झोपली होती. मी तिचा अल्बम काढला, कशासाठी ते अजून पुरतं माहीत नव्हतं. तेल लावलेला अंगठा म्हणजे चोरी नव्हे. तिउ बाल्ताझारनी असं का करावं, ते मला सुचत नव्हतं.

त्या काळच्या फोटोंवर कोपऱ्यात केशरी आकड्यांत तारीख छापून यायची. पाच सप्टेंबर दोन हजार. पहिल्या वर्षाची प्रार्थना. सगळे उन्हात डोळे बारीक करून उभे. डावीकडून दुसरे तिउ बाल्ताझार, पांढरा सदरा, खिशावर काळी फीत.

पुढच्या पानावर माझं नामकरण. दहा सप्टेंबर दोन हजार. तिउ बाल्ताझारच्या हातात मी, तोंड उघडून रडणारी. सदरा तोच. खिशावर फीत नाही. भिंग लावलं तेव्हा कापडात टाचणीची दोन बारीक भोकं दिसली.

मी भिंग खाली ठेवलं.

आईचं काळं सहा जानेवारी दोन हजार एकपर्यंत धरायला हवं होतं. चार महिने आधी कोणी सोडत नाही. म्हणजे ती फीत आईच्याही आधी गेलेल्या कोणाची तरी होती; काळ्यावर काळं आलं तर आमच्यात फीत एकच असते आणि ती पहिल्याच्या तारखेला सुटते. आबिलिओची म्हणावी, तर आम्ही सगळे पाच तारीख धरत होतो, आणि पाच तारखेच्या फोटोत फीत जागेवर आहे. ती उतरली नंतरच्या पाच दिवसांत कधीतरी.

म्हणजे नव्व्याण्णवच्या पाच आणि दहा सप्टेंबरच्या मध्ये कोणीतरी मेलं होतं, आणि नेमकं कधी, ते तिउ बाल्ताझारना माहीत होतं.

कोणासाठी काळं धरलंय याबद्दल ते खोटं बोलले. पण तारखेशी खोटं वागणं त्यांना जमलं नाही. आमच्यात ते कोणालाच जमणार नाही. चुकीच्या दिवशी काळं सोडलं तर मेलेला माणूस सुटत नाही असं आम्ही मानतो. मी विज्ञान शिकलेय, आणि तरी माझाही हात धजावला नसता.

मागून तियाचा आवाज आला. "कोणाचा फोटो बघतेस?"

"माझा," मी म्हटलं आणि अल्बम मिटला. तिला हे मी सांगायचं नव्हतं.

६

तिउ बाल्ताझार व्हरांड्यात बसले होते, मांडीवर गिटार, शेजारी तेलाची बाटली आणि फडकं. आंब्याला मोहोर आला होता.

"ये, मॅडम केमिस्ट्री. चहा?"

मी कोरी कॅसेट त्यांच्यासमोर ठेवली. "तुमची परत द्यायला आले."

त्यांनी ती उचलली नाही. "कशावरून?"

मी डाग दाखवला. मग फोनवर काढलेले दोन फोटो दाखवले, पाच तारखेचा आणि दहा तारखेचा. त्यांनी मोठा करून आपलाच खिसा पाहिला.

"पंचवीस वर्षं तो अल्बम त्या घरात आहे," ते म्हणाले. "कोणी बघितलं नाही."

"दुसऱ्या बाजूला तुमचा आवाज आहे, तिउ?"

"दोन शब्द. लेमोस विचारतो, ड्रायव्हर तयार आहे का. मी म्हणतो, तयार, साहेब." त्यांनी फडकं घडी केलं, उलगडलं, परत घडी केलं. "खरखरीत उंबेलिनाला कधी ओळखू आलं नाही. फाउश्तो म्हणाला आता शिंकसुद्धा ओळखतात."

"यादी माहीत होती तुम्हाला?"

"यंत्राच्या खोलीत मी दारात उभा होतो. आबिलिओने स्वतःचं नाव ऐकलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्याच्या हाताखाली रेकॉर्डर चालू होता ते मला दिसत होतं. मी काही बोललो नाही. तोही बोलला नाही. ट्रक कुठे न्यायचा ते सकाळी कळलं. मिठाच्या गोदामात. तिथे तीन दिवस ठेवलं त्यांना. आठ तारखेला लेमोस स्वतः आला, माझ्या शेजारी ट्रकमध्ये बसला. कुपांग कसलं! त्याचा गुडघा माझ्या गिअरला लागत होता." ते थांबले. "समुद्राकडेच्या चिंचांपाशी. मला इंजिन चालू ठेवायला सांगितलं, आवाज दबावा म्हणून. मी ठेवलं. संध्याकाळी एकटा परत गेलो. सातही जणांना पुरलं. आबिलिओला वेगळं, तिसऱ्या चिंचेखाली, डोकं समुद्राकडे."

आंब्याच्या मोहोरावर माश्या घोंगावत होत्या.

"कॅसेट फेकून का नाही दिलीत?"

"खाडीपर्यंत गेलो होतो काल. हातात धरून उभा राहिलो. पण दुसऱ्या बाजूला तो गातोय ना." त्यांनी गिटारीच्या पेटीतून कॅसेट काढून माझ्या हातात दिली. गंजलेला स्क्रू माझ्या बोटाला लागला. "मलाही धरतील का गं?"

"कदाचित. मला कायदा कळत नाही. एवढं कळतं की आवाज खोटा आहे असं वकील म्हणू शकतात. शेजारी बसलेला माणूस खोटा आहे म्हणणं त्यांना जड जाईल."

"उंबेलिनाला तू सांगणार?"

"नाही. तुम्ही."

"कधी?"

"उद्या तारीख काय आहे, तिउ?"

त्यांनी डोळे मिटले.

७

सोमवारी, आठ सप्टेंबरला, तिउ बाल्ताझार अधिकारी बाईच्या तासभर आधी आले. पांढरा सदरा, इस्त्री केलेला. तियाने कॉफी ओतली. ते उभ्यानेच सगळं बोलले. ती मध्ये एकदाही थांबवायला गेली नाही.

शेवटी तिने विचारलं, "कोणत्या वेळी?"

"सकाळी. साडेनऊ झाले असतील."

"म्हणजे तीन दिवस तो जिवंत होता. आणि मी त्याच्या आत्म्यासाठी मेणबत्त्या लावत होते."

"हो."

"पाणी मिळत होतं त्यांना?"

"मी न्यायचो. रोज."

"काही बोलला?"

"म्हणाला, कॅसेट उंबेलिनाकडे आहे. तेवढंच. मी कोणाला सांगितलं नाही."

तियाने कप बशीत ठेवला. "पंचवीस वर्षं माझ्या घरी जेवलास."

"हो."

"आणि दर वेळी मासे कमी पडले म्हणून कुरकुरलास."

त्यांच्या तोंडून आवाज निघाला, हसण्याचा की रडण्याचा ते मला सांगता येणार नाही. ते तसेच उभे राहिले, आणि तिने त्यांना बसायला सांगितलं नाही.

अधिकारी बाई आली. जबाब पाच तास चालला. फाउश्तो एकेक वाक्य दोन्ही भाषांत बोलत होता, आणि चिंचांपर्यंत आल्यावर त्याने पाणी मागितलं. कॅसेट पाकिटात घालून बंद करायच्या आधी बाईने तियाला विचारून गाण्याच्या बाजूची नक्कल करून तिला दिली. तिउ बाल्ताझारना तिने सांगितलं की शहर सोडायचं नाही, वकील करायचा, आणि त्यांच्याविरुद्ध काय होईल ते ती आज सांगू शकत नाही. ते म्हणाले, "मी कोर्टात बोलेन. लेमोससमोर बोलेन." मग घरी गेले.

संध्याकाळी तियाने कपाटातून एक निळा झगा काढला. नव्व्याण्णवसालीच शिवलेला, कधी न घातलेला. कमरेत घट्ट झाला होता. एर्मेलिंदा मासे घेऊन आली, पूर्ण टोपलं, आणि झग्याची शिवण उसवायला बसली. काळे कपडे तियाने घडी करून मागच्या अंगणात ठेवले. शेजारपाजारचे जमले. कोणी काही विचारलं नाही. तोवर सगळ्यांना कळलं होतं.

दिवे लागायच्या वेळी फाटकाशी तिउ बाल्ताझार दिसले. आत येत नव्हते, जातही नव्हते.

तिया निळ्या झग्यात फाटकापर्यंत चालत गेली.

"माफ केलंय असं समजू नकोस," ती म्हणाली. "ते कोर्ट बघेल, आणि मग मी बघेन. आज आबिलिओचा दिवस आहे. गिटार कुठे आहे?"

"घरी."

"मग आण. त्याचं काळं तुझ्या गिटारीशिवाय कसं सुटेल?"

ते वळले आणि भराभर चालत गेले, वयाला न शोभेलसे. ते परत येईपर्यंत आमच्यातलं कोणी जेवायला बसलं नाही.